दोघंही म्हणतात, चूक माझीच

"माझ्या नवऱ्याला गाडीने उडवलं. तो म्हणतो, चूक माझीच. जी गाडी चालवत होती ती म्हणते, चूक माझीच. आता तुम्हीच सांगा वहिनी, मी चिडू कोणावर?"

आलेल्या बाईने एवढं एका दमात सांगितलं आणि पुढे केलेल्या खुर्चीत न बसता ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, एरवी टापटीप असावी. पण आज तिच्या स्वेटरची बटणं एक घर चुकून लागली होती.

ती खोली लाँड्रीच्या वर होती. खालच्या इस्त्रीची वाफ जिन्यातून वर येई आणि खासगी तपासाच्या त्या कचेरीला कायम धुतल्या कपड्यांचा वास असे. दारावर पाटी होती, पण पाटीवरचं नाव कोणी वाचत नसे. उमेदीची वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात घालवलेल्या त्या बाईंना सगळी वस्ती वहिनी म्हणूनच ओळखत होती. बोलणं मोजकं, नजर सुईसारखी. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेले गृहस्थ मात्र त्यांचे खरेखुरे दीर, भूगोलाचे निवृत्त मास्तर. भाऊजींना नकाशावरचे सगळे रस्ते तोंडपाठ होते. नकाशाबाहेरच्या रस्त्यांवर ते हमखास चुकत.

"बसा ताई," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."

ताईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. रोज सायकलने कामावर जायचा. सलूनच्या कोपऱ्यावर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीने त्याला धडक दिली, तो फुटपाथच्या कडेवर गुडघ्यावर आपटला आणि गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले. गाडी चालवायला शिकत होती एक नर्स. शेजारी शिकवणारे सर होते.

"डॉक्टर म्हणतात, चालेल. पण लिफ्टच्या विहिरीत चढणं-उतरणं विसरा म्हणतात."

"पोलीस?"

"फौजदार म्हणतात, दोघंही कबूल आहेत तर भांडण कसलं? निम्मी चूक त्याची, निम्मी तिची. उद्या सकाळी दोघांचे जबाब घेणार आणि प्रकरण बंद."

"हे तर बरंच झालं की," भाऊजी म्हणाले. "एरवी अपघात झाला की चोराच्या उलट्या बोंबा. इथे दोघंही सज्जन!"

ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊजींनी घाईने पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

"तो गुन्हेगार समजून बसलाय स्वतःला," ती म्हणाली. "व्यायाम करत नाही, औषध वेळेवर घेत नाही. म्हणतो, मी केलं, मी भोगतो. वहिनी, तो खरंच चुकला असेल तर तसं सांगा. चार शिव्या घालीन आणि उभा करीन त्याला. पण चुकला नसेल तर..."

वहिनींनी पर्स उचलली.

"आधी सायकल दाखवा."

सायकल ताईच्या घराच्या बोळात भिंतीला टेकवून ठेवली होती. पोलिसांनी ती नेलीच नव्हती. गाडीचा बंपर पाहून त्यांचं समाधान झालं होतं. वहिनींनी हँडल उचलून पुढचं चाक हाताने फिरवलं. ते हूं की चूं न करता फिरत राहिलं. मग त्या मागे वळल्या. मागचं चाक पिळवटलं होतं, मडगार्ड आत दबलं होतं आणि त्यावरच्या लाल काचेची फक्त गोल कड उरली होती.

"बिचारी," भाऊजी म्हणाले. ते बहुधा सायकलीला उद्देशून होतं.

आतल्या खोलीत लिफ्टवाला उशीला टेकून बसला होता. उंच, हाडापेराने मजबूत माणूस. पण बोलताना खाली बघायचा.

"माझी सवयच वाईट, वहिनी. अर्ध्या वाटेत आठवतं की पान्हा घरी राहिला. की फिरवली सायकल आणि निघालो उलट. त्या दिवशीही तेच केलं असणार."

"असणार? आठवत नाही?"

"काही म्हणजे काही नाही. जिना उतरल्याचं आठवतं, मग एकदम हॉस्पिटलचं छत. पण सलूनवाल्याने पाहिलंय ना! मी रस्त्याच्या उलट्या बाजूने, गाडीच्या समोरून येत होतो म्हणे. म्हणजे परतच फिरलो असणार."

"त्या दिवशी विसरलं काय होतं?"

उत्तर ताईने दिलं. "काही नाही! हत्यारांची पिशवी मी स्वतः उघडून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं."

"मग विसरल्यासारखं वाटलं असेल," लिफ्टवाला म्हणाला.

भाऊजींना हे पटलं. त्यांनाही पुष्कळदा तसं वाटायचं.

"त्या सरांचे मात्र उपकार," लिफ्टवाला पुढे म्हणाला. "त्यांनीच मला उचलून त्याच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. अजून भेटायला येतात. त्या मुलीला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. मीच आडवा आलो."

ताईने पाण्याचा ग्लास जरा जोरातच टेबलावर ठेवला.

नर्स एका छोट्या खोलीत मावशीबरोबर राहत होती. घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करायची आणि लांबच्या रुग्णांकडे जाता यावं म्हणून गाडी शिकायला लागली होती. अपघातापासून ती कामावर गेली नव्हती. इस्त्री केलेला गणवेश खुंटीवर तसाच होता.

"मॅडम, उगाच कशाला विचारता? मी उद्या सांगणारच आहे सगळं. मी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला."

"तसं तुम्हाला आठवतं?"

नर्स खुंटीवरच्या गणवेशाकडे बघू लागली. मावशीने मागून तोंड घातलं, "सांग ना नीट! मला काय सांगितलंस?"

"मावशी, तू गप गं." तिने डोळे पुसले. "मला आठवतं ते असं की मी ब्रेकवर पाय दिला. सगळ्या जोराने दिला. पण तो दबलाच नाही. दगडावर पाय दिल्यासारखा. सर म्हणाले, घाबरल्यावर माणसाला असंच वाटतं. तो ब्रेक नव्हताच, तू दुसरं पेडल दाबलंस. त्यांनी शेकडो जणांना शिकवलंय. ते म्हणतात तर तसंच असेल. गाडी तर थांबली नाही. फुटपाथला टेकली आणि बंद पडली तेव्हा थांबली."

"त्याआधी ब्रेक कधी अडला होता?"

"कधीच नाही. लोण्यासारखा जायचा. सर त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबायचे ना, की माझ्या पायाखालचा आपोआप खाली जायचा, भूत बसल्यासारखा. सुरुवातीला मी किंचाळले होते." ती किंचित हसली आणि हसल्याबद्दल ओशाळली.

"सायकलवाला कसा दिसला? तोंड दिसलं?"

"मी गिअरकडे बघत होते. मान वर केली तर समोर सायकल. तोंड आठवत नाही. नुसता एक लाल ठिपका आठवतो. डोळे मिटले की तोच दिसतो, मॅडम."

"रक्त, बाळ," भाऊजी हळहळून म्हणाले. "मनावर ठसतं तसं."

"रक्त तर आलंच नव्हतं, काका. मुका मार होता."

भाऊजींनी टिपून घेतलेलं 'रक्त' खोडलं आणि तिथे प्रश्नचिन्ह काढलं. त्यांच्या वहीत एव्हाना प्रश्नचिन्हंच जास्त झाली होती.

"धडक झाल्यावर काय झालं?"

"सर दार उघडून धावले. मी उतरले आणि रस्त्यावरच बसले. सर गाडीत परत आले, खाली वाकून काहीतरी आवरलं, मग लोकांनी त्यांना सायकलवाल्याला उचलायला मदत केली. मला नर्स म्हणून पुढे व्हायला हवं होतं, आणि मी बसून राहिले." हे सांगताना मात्र तिला हुंदका आला.

जिना उतरताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, पोरगी खोटं बोलत नाही."

"नाही. तो लिफ्टवालाही नाही."

"पण एक अपघात आणि दोन गुन्हेगार! डोक्याचा भुगा झाला माझ्या."

"मग जरा डोकं हलकं करू," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दिरांना सलूनमध्ये नेऊन खुर्चीत बसवलं.

सलून चिंचोळं होतं. समोर भिंतभर आरसा, पाठीमागे रस्त्याकडची काच. भाऊजींच्या डोक्यावर केस बेताचेच, पण सलूनवाल्याने त्यांना राजासारखी चादर पांघरली आणि कात्री चालवत तोंडही चालू केलं.

"इथेच, अस्साच उभा होतो बघा वहिनी. एका गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा होता, म्हणून हलता येईना. सायकलवाला दिसला, मजेत चाललेला. डावीकडून उजवीकडे. नि धाड! वस्तरा टाकून दारात गेलो. पाहतो तर गाडी फुटपाथला टेकलेली. आता गाड्या या बाजूला जातात उजवीकडून डावीकडे. म्हणजे हा गडी उलटा आला की नाही? हिशेब सोपा आहे."

"गाडीचा आवाज कसा होता? इंजिन एकदम ओरडलं?"

"छे! मांजरासारखी आली. मला तर धाड होईपर्यंत गाडी आहे हेच कळलं नाही."

"आणि ते शिकवणारे सर?"

सलूनवाल्याने कात्री छातीशी धरली. "देवमाणूस! मी दारात पोचतो तोवर धावत सुटलेले, नुसत्या मोज्यांवर. बुटांचंसुद्धा भान नाही! दुसरा असता तर पळून गेला असता. मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो, माणुसकी अजून आहे."

आरशात भाऊजींना आइस्क्रीमचा गाडा जाताना दिसला. ते खुर्चीत ताठ झाले. गाडा सावकाश डावीकडे सरकत काचेबाहेर गेला. वहिनींची पाठ होती. भाऊजींनी चादर झटकली, "आलोच" म्हणाले, दाराबाहेर पडून डावीकडे धावले आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे राहिले. गाडा कुठेच नव्हता. बऱ्याच वेळाने घंटा ऐकू आली ती पाठीमागून.

"गाडा उडून गेला की काय!" परत येऊन ते पुटपुटले.

वहिनी त्यांच्याकडे, मग आरशाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्समधून सुटे पैसे काढले.

"जा भाऊजी, घेऊन या. कमावलंत तुम्ही."

कसलं आणि कसं, ते भाऊजींनी विचारलं नाही. आइस्क्रीम वितळत होतं.

ड्रायव्हिंग स्कूलची कचेरी म्हणजे मैदानाच्या कडेची एक खोली. सर फिरत्या खुर्चीत मांडी घालून बसले होते. गोल, हसरा चेहरा. पाहुणे आलेले बघताच त्यांनी पाय खाली सोडले आणि टेबलाखाली बूट चाचपले. एक चढवला, दुसरा चढवताना तोंड वाकडं केलं.

"या, या! बसा. नवे बूट आहेत, चावतात मेले. पण शिकवणाऱ्याने नीटनेटकं दिसायला हवं."

भाऊजींचं लक्ष गेलं. बूट झकास होते, चकचकीत काळे. फक्त उजव्याची टाच मागून चेपलेली होती आणि तिच्या चामड्यावर आडव्या बारीक रेघा उमटल्या होत्या.

"अरेरे, एवढा नवा बूट आणि असा कसा चेपला?"

"अडकला असेल कुठेतरी दारात," सर म्हणाले आणि पाय खुर्चीखाली घेतले. "बोला वहिनी. त्या मुलीबद्दल असेल तर माझी विनंती आहे, तिला जपा. शिकाऊ पोर. घाबरली, भलतं पेडल दाबलं. मी फौजदारांनाही सांगितलंय, सांभाळून घ्या."

"तुमच्या बाजूलाही ब्रेक असतो ना?"

"असतो की. दाबला, जीव खाऊन दाबला! पण तिने ॲक्सिलरेटर असा दाबून धरलेला, गाडी ऐकेना."

"सायकलवाला तुम्हाला दिसला होता?"

"म्हणजे काय! समोरून सरळ अंगावर आला. मान खाली, तंद्रीत. मी ओरडलो, बाबा रे, बाजूला हो. त्याच्याही मनात राग नाही माझा. घरी जातो मी त्याच्या."

"गाडी तपासली?"

"पोलिसांच्या मेकॅनिकने तपासली. ब्रेक एकदम ठणठणीत. उद्या या, तुम्हीही दाबून बघा."

"येईन," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना घेऊनच येते."

परतताना भाऊजी एका दिव्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. "वहिनी, मला काही कळेनासं झालंय. पोरगी म्हणते ब्रेक दबला नाही, मेकॅनिक म्हणतो ब्रेक ठणठणीत. लिफ्टवाला परत फिरला, पण विसरला काहीच नव्हता. सरांच्या म्हणण्याने गाडी जोरात होती, पण आवाज नव्हता. सगळेच खरं बोलतात आणि कशाचाच मेळ बसत नाही. घोडं पेंड खातं कुठे?"

"सगळेच खरं बोलत नाहीत, भाऊजी. एक जण खोटं बोलतोय. आणि एक जण खरं बोलून चुकतोय. आधी त्या दुसऱ्याला सरळ करायचं."

"आणि पहिला?"

"उद्या येताना तुमचे जुने बूट घालून या," वहिनी म्हणाल्या. एवढ्यावर भाऊजींना झोप लागणं शक्यच नव्हतं.

सकाळी मैदानावर ती गाडी उभी होती. फौजदार हाताची घडी घालून उभे होते. त्यांना प्रकरण न्याहारीआधी संपवायचं होतं. नर्स मावशीचा हात धरून आली. ताई तिच्यापासून लांब उभी राहिली. सलूनवाला दुकान बंद ठेवून आला होता, कारण पुढचे कित्येक दिवस गिऱ्हाइकांना सांगायला काहीतरी हवं होतं. सर हसतमुखाने सगळ्यांना खुर्च्या देत होते.

"फौजदार साहेब," वहिनी म्हणाल्या, "दोघांनी कबुली दिली आणि तुम्ही खूश झालात. पण ती कबुली दोघांच्याही स्वतःच्या आठवणीतली नव्हती. दोघंही दुसऱ्याने सांगितलेलं कबूल करत होते. लिफ्टवाल्याला सलूनवाल्याने सांगितलं. नर्सला सरांनी सांगितलं."

"मी डोळ्यांनी पाहिलंय!" सलूनवाला म्हणाला.

"डोळ्यांनी पाहिलंत, पण कुठे? गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा होता. तोंड कुठे होतं तुमचं?"

"आरशाकडे."

"आणि रस्ता तुमच्या पाठीमागे. तुम्ही सायकलवाला आरशात पाहिलात. काल आमच्या भाऊजींनी त्याच आरशात आइस्क्रीमचा गाडा डावीकडे जाताना पाहिला, बाहेर येऊन डावीकडे धावले आणि गाडा सापडला उजवीकडे. आरशासमोर उभं राहिलं की रस्ता पाठीशी असतो. दारात येऊन तोंड रस्त्याकडे केलं की आपली डावी-उजवी फिरते, आरशातली आठवण फिरत नाही. तुम्हाला सायकल आरशात डावीकडून उजवीकडे जाताना दिसली. म्हणजे रस्त्याकडे तोंड केलं तर ती उजवीकडून डावीकडे जात होती. गाडीच्याच दिशेने, आपल्याच बाजूने, गाडीच्या पुढे."

सलूनवाल्याने हवेत दोन्ही हात धरले, एकदा इकडे वळला, एकदा तिकडे वळला. "आई शपथ," तो हळूच म्हणाला. "आरसा माझा, आणि गंडलो मीच."

"म्हणूनच त्याचं पुढचं चाक शाबूत आहे आणि मागचं पिळवटलंय. समोरून येणाऱ्याला गाडी मागून कशी धडकेल? पिशवीत काहीच विसरलेलं नव्हतं, कारण तो परत फिरलाच नव्हता. आणि या मुलीला दिसलेला लाल ठिपका रक्ताचा नव्हता, मनाचाही नव्हता. तो सायकलच्या मागची लाल काच होती. म्हणजे तिने पाहिली ती त्याची पाठ."

ताई एक पाऊल पुढे आली. तिने तोंडावर हात धरला होता.

"आता सर," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही मात्र त्याला समोरून येताना पाहिलंत. खाली घातलेली मानसुद्धा पाहिलीत. जे घडलंच नाही ते फार बारकाईने पाहिलंत. कारण रस्त्याकडे तुमचं लक्षच नव्हतं. सलूनवाल्याने सांगितलं ते तुम्ही तसंच्या तसं उचललंत."

"गडबडीत होतं हो असं," सर म्हणाले. हसू अजून होतं, पण आता त्याला धरून ठेवावं लागत होतं. "पण पेडल तर हिनेच चुकवलं ना?"

"ॲक्सिलरेटर दाबून धरला असता तर इंजिन ओरडलं असतं. गाडी मांजरासारखी आली. दुकानातल्या माणसाला कळलंसुद्धा नाही. आणि तुम्ही जीव खाऊन ब्रेक दाबला असतात, तर इतकी हळू चाललेली गाडी जागच्या जागी थांबली असती. ती थांबली फुटपाथला टेकून. म्हणजे ना ॲक्सिलरेटर दबला, ना ब्रेक. मुलगी म्हणते, ब्रेक दगडासारखा होता. मी तिचं खरं मानते. बाळ, ये इकडे. बस गाडीत."

नर्स मागे सरकली. "नको मॅडम. मी नाही बसणार."

"गाडी सुरू करायची नाही. फक्त ब्रेक दाबायचा."

मावशीने तिला पाठीवर हात ठेवून पुढे आणलं. ती बसली. पायाखालचा ब्रेक अलगद खाली गेला, लोण्यासारखा. शेजारच्या रिकाम्या सीटपुढचा सरांचा ब्रेकही त्याबरोबर खाली गेला.

"बघितलंत, साहेब? दोन्ही ब्रेक एकाच दांडीने जोडलेले आहेत. एक खाली गेला की दुसरा जातो. आणि एक अडला, तर दुसराही अडतो. भाऊजी, उजवा बूट."

भाऊजी एका पायावर उभे राहिले आणि तोल सावरायला त्यांनी फौजदारांचा खांदा धरला. वहिनींनी तो जुनाट बूट सरांच्या ब्रेकखाली, टाच वर करून सारला.

"आता दाब. सगळ्या जोराने."

नर्सने दाबलं. पुन्हा दाबलं. सीटवरून अर्धी उठून दाबलं. पेडल हललं नाही.

"हाच!" ती ओरडली. "मावशी, हाच तो! हाच दगड!"

ती स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागली.

वहिनींनी बूट काढून उलटा धरला. टाच चेपली होती आणि तिच्यावर पेडलच्या रबराच्या आडव्या रेघा उठल्या होत्या. भाऊजींनी आपल्या बुटाकडे पाहिलं, मग सरांच्या पायांकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं.

"दारात नव्हता अडकला तो!" ते म्हणाले.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "सलूनवाले, तुम्ही ज्याला माणुसकी म्हणालात ना, तोच पुरावा. धडक झाल्याबरोबर सर धावले ते मोज्यांवर. माणूस घाईत बूट घालायला विसरतो, पण अपघात बघून आधी बूट काढत बसत नाही. म्हणजे ते आधीच काढलेले होते. नवे बूट चावत होते, आणि सरांना मांडी घालून बसायची सवय. पाय वर, बूट खाली, डोळे कुठेतरी. वळणावर एक बूट सरकला आणि ब्रेकखाली बसला. जिला गाडी येत नाही तिच्या हातात गाडी, आणि जो तिला सांभाळायला बसवलेला त्याचाच बूट तिच्या ब्रेकखाली. मग ते परत गाडीत आले, वाकले, बूट काढून घातले आणि देवमाणूस झाले."

"हे सगळं तर्काचं आहे," सर म्हणाले.

"तर मग बूट द्या काढून," फौजदार म्हणाले. त्यांची घडी सुटली होती. "पेडलशी लावून बघू. नाही जुळल्या रेघा तर मी स्वतः माफी मागेन."

सर बूट काढेनात. गोल चेहरा उतरत उतरत भलताच लहान दिसायला लागला.

"चावत होते हो," ते म्हणाले. "पाय सुजले होते. थोडा वेळ काढले फक्त."

ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. एवढे दिवस तिला चिडायला माणूस मिळत नव्हता. आता मिळाला होता, आणि तिचा आवाज चढला नाही.

"माझ्या नवऱ्याला आता वाकता येत नाही," ती म्हणाली. "त्याच्या पायात बूट मी घालते."

सरांनी खाली वाकून नाड्या सोडल्या.

"शिकाऊ माणसाशेजारी परवानाधारक बसतो तो उगाच नाही," फौजदार बूट हातात घेत म्हणाले. "कायद्याने गाडी त्याच्या ताब्यात असते. खटला तुमच्यावर चालेल. निष्काळजीपणाचा, आणि खोटी माहिती दिल्याचा वेगळा." मग ते नर्सकडे वळले आणि घसा साफ करून म्हणाले, "तुमचा जबाब मी पुन्हा घेतो. या वेळी तुम्हाला जे आठवतं ते सांगा."

ताई घरी आली तेव्हा वहिनी आणि भाऊजी तिच्याबरोबर होते. भाऊजींच्या एका बुटाची टाच चेपलेली असल्यामुळे ते लंगडत होते. लिफ्टवाला नेहमीसारखा उशीला टेकून, खाली बघत बसला होता. ताईने त्याला सगळं सांगितलं. आरसा, लाल काच, बूट. सांगताना दोनदा क्रम चुकला, वहिनींनी तो नीट केला.

त्याने पांघरुणाची घडी घातली आणि परत उलगडली.

"म्हणजे मी परत फिरलो नव्हतो," शेवटी तो म्हणाला.

"नाही."

"सरळ कामाला चाललो होतो. माझ्या बाजूने."

"हो रे."

"आणि तो माणूस माझ्या या इथे, या खुर्चीत बसून मला म्हणाला की चूक होते माणसाची, सोडून द्या?"

त्याने मान वर केली. कानशिलं लाल झाली होती. हात आपटून तो असा ओरडला की खिडकीची काच थरथरली. "मी माझ्या बाजूने चाललो होतो! माझ्या! बाजूने! आण तो माझा वॉकर, मला पोलीस चौकीत जायचंय, आत्ताच्या आत्ता!"

वरच्या मजल्यावरून कोणीतरी दार उघडून काय झालं म्हणून विचारलं. भाऊजी घाबरून उठून उभे राहिले आणि त्याला शांत करायला पुढे झाले.

"ओरडू द्या त्याला, भाऊजी," ताई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "केव्हाची वाट बघत होते मी."